दुखणाइताची साक्ष

धनत्रयोदशीला आपल्याकडे धणे-गुळाचा नैवेद्य असतो, आणि पूजा मात्र दोघांची. एका बाजूला घरातले दागिने, नाणी, जमाखर्चाची वही. दुसऱ्या बाजूला हाती अमृतकलश घेतलेला देवांचा वैद्य धन्वंतरी. धन आणि वैद्य यांची गाठ आपल्या पूर्वजांनी एकाच तिथीला का घातली असावी? पंडित याची उत्तरे पुष्कळ देतील. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही पुढे ओढून बसणाऱ्या गृहिणीला हे कोडे मुळीच अवघड वाटणार नाही. वाणी, दूध, वीज, मुलांची फी, आणि त्यांच्याखाली ‘औषधे’. वरच्या रकान्यांत मन मारता येते. मेथी महागली तर आपण पालक घेतो. साडी यंदा नको म्हणतो. औषधाच्या चिठ्ठीपुढे असे काही चालत नाही. लिहून देणारा एक, विकणारा दुसरा, घेणारा तिसरा, आणि त्या तिसऱ्याला निवड कसली ती नसते.

आमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एक वृद्ध गृहस्थ महिन्याच्या महिन्याला येतात. चिठ्ठी पुढे करतात. दुकानदार आकडा सांगतो. मग ते मागे कोणी उभे नाही ना हे पाहून हळूच म्हणतात, “ही एक राहू द्या या खेपेला. आणि ह्या दहाऐवजी पाचच द्या.” दुकानदार भला आहे. “बरं, काका” म्हणून तो कात्री घेतो आणि गोळ्यांची पट्टी मधोमध कापतो.

वाचकहो, या कात्रीची नोंद कोठे होते? डॉक्टर समजतात, रोगी रोज गोळी घेत आहे. कंपनीच्या वहीत पाच गोळ्यांची विक्री जमा होते. न विकल्या गेलेल्या पाच कोणाच्याच वहीत जात नाहीत. सरकारी कागद म्हणतो, औषध बाजारात उपलब्ध आहे. कोणती गोळी सुटली, का सुटली, आणि सुटल्यावर रात्री काय झाले, हे एकट्या काकांना ठाऊक. ज्याचे जळते त्याला कळते, ही आपली म्हण आहे. प्रश्न एवढाच आहे की औषधांच्या किमती जेथे ठरतात, तेथे ‘ज्याचे जळते’ त्याला बसायला जागा आहे काय?

त्रैराशिकात नसलेला माणूस

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. रसायनशास्त्र आणि कायदा हे दोन्ही माझ्या प्रांताबाहेरचे. परंतु शब्द वाचणे हा माझा व्यवसाय, आणि औषधांच्या बाबतीत काही शब्द असे सापडले की त्यांनी मला धरूनच ठेवले.

आपल्या देशात अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवते. २०१३ च्या आदेशाने त्याची रीत अशी घालून दिली: बाजारात ज्या ज्या कंपन्यांचा एक टक्का अथवा अधिक खप आहे, त्यांच्या किमतींची सरासरी काढावयाची आणि तीवर किरकोळ दुकानदाराचे सोळा टक्के घालावयाचे. हिशेब सरळ आहे. त्याने अनेक औषधे स्वस्त झाली, हेही खरे. पण या त्रैराशिकात विकणाऱ्यांचेच आकडे आहेत. घेणाऱ्याच्या ऐपतीचा आकडा त्यात कोठेच नाही.

ही झाली पुष्कळ कंपन्या बनवतात त्या औषधांची गोष्ट. जे औषध एकच कंपनी बनवू शकते, त्याचे काय? तेथे पेटंट येते. शासकीय मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतात. शब्द जरा बोजड आहे, पण अर्थ नेमका सांगतो: एकट्याचे स्वत्व. अर्ज केल्यापासून वीस वर्षे ती वस्तू दुसऱ्या कोणी करावयाची नाही. १९७० च्या आपल्या कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट नाकारले होते; ते बनवण्याच्या रीतीला तेवढे दिले होते. त्यामुळे आपले कारखाने तेच औषध निराळ्या रीतीने करू लागले आणि देशात स्वस्त औषधे मिळू लागली. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली पदार्थाचे पेटंट परत आणावे लागले.

ते परत आणताना आपल्या संसदेने दोन गोष्टी केल्या. जुन्याच औषधाचे नुसते नवे रूप पुढे करून नवे पेटंट मिळू नये म्हणून तिसऱ्या कलमात एक अट अधिक कडक केली. दुसरी गोष्ट पंचविसाव्या कलमातली. पूर्वी पेटंटच्या अर्जाला हरकत घ्यावयाची तर ‘हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती’ असावे लागे. नव्या कलमात, पेटंट मिळण्यापूर्वीच्या हरकतीसाठी, ‘हितसंबंध असलेली’ हे शब्द गळले. उरले नुसते ‘कोणतीही व्यक्ती’.

व्याकरणात विशेषण गळले की नामाचा अर्थ विस्तारतो, हे आम्ही मुलांना शिकवतो. येथे तेच झाले. हरकतीचे दार कारखानदाराला होतेच. आता ते त्याच्या गिऱ्हाइकालाही उघडले. आजाऱ्यालासुद्धा.

शिट्टी

या दारातून कोण आत गेले ते सांगण्यापूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीविषयी सांगितले पाहिजे. २०१४-१५ चे वर्ष असावे. बी. ए. च्या शेवटच्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, “मॅडम, मला पहिल्या बाकावर बसू द्याल? आणि का ते वर्गात सांगू नका.”

तिला क्षय झाला होता. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. रोज एक इंजेक्शन, महिनोन्महिने. पहिल्यांदा कानात गुणगुण सुरू झाली. मग एक दिवस न्हाणीघरातून आईने ओरडून विचारले, “किती शिट्ट्या झाल्या गं?” ही कुकरच्या शेजारीच भाजी चिरत बसली होती. हिला एकही शिट्टी ऐकू आलेली नव्हती. डाळ खाली लागली, आईने वास आल्यावर धावत येऊन गॅस बंद केला, आणि तेव्हा घरातल्या सर्वांना कळले की मुलीच्या कानाला काहीतरी झाले आहे.

मी पुढे वाचले तेव्हा कळले की ते असेच होते. कॅनामायसिन नावाचे ते औषध १९५७ साली जपानात शोधून काढले गेले. त्याने आणि त्याच्या जातीच्या औषधांनी पुष्कळ प्राण वाचवले. पण आतल्या कानातल्या केसासारख्या सूक्ष्म पेशी त्याने मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात: शिट्टी, घंटा, पाखरांची किलबिल. माणसाचे बोलणे नंतर. म्हणून डॉक्टरने समोर बसवून “ऐकू येतं ना?” असे विचारले तर रोगी “हो” म्हणतो, आणि ते खोटे नसते. नुकसानीची पहिली बातमी स्वयंपाकघरात लागते.

“मग तू डॉक्टरांना लगेच सांगितलेस ना?” मी विचारले.

“नाही. इंजेक्शन बंद केलं असतं तर?”

तिच्यापुढे हिशेब असा होता: एका पारड्यात कान, दुसऱ्यात जीव. दुसरी गोळी तिला ठाऊक नव्हती. ती बरी झाली. उंच आवाज मात्र परत आले नाहीत.

दोन मैत्रिणी, दोन खंड

दुसरी गोळी तेव्हा जगात आलेली होती. तिचे नाव बेडाक्विलिन. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. क्षयावर चाळीसहून अधिक वर्षांनी आलेले हे पहिले नव्या जातीचे औषध. पोटात घ्यावयाचे, सुई नाही, आणि कान घेणारे नाही. जॉन्सन अँड जॉन्सन ही तिची मालक.

त्याच सुमारास मुंबईत नंदिता वेंकटेशन नावाची तरुणी क्षयाशी दुसऱ्यांदा झगडत होती. २००७ साली तिला आतड्याचा क्षय झाला होता. २०१३ मध्ये तो उलटला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, इंजेक्शने झाली, आणि तिची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. ती भरतनाट्यम् शिकलेली. नाचणाऱ्या मुलीला मृदंग आणि नट्टुवांगम् ऐकू न येणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. पुढे ती पुन्हा नाचली.

तिकडे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत, फुमेझा टिसिले ही तिच्याच पिढीतली मुलगी २०१० साली क्षयाने आजारी पडली. सर्वांत चिवट जातीचा क्षय. कॅनामायसिनने तीही बहिरी झाली. सुमारे वीस हजार गोळ्या गिळून २०१३ साली ती बरी झाली.

भाषा निराळी, देश निराळा. औषध एक आणि नुकसान एक. या दोघींनी फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात हरकतीचा अर्ज दाखल केला. मेद्सां सां फ्राँतिएर या डॉक्टरांच्या संस्थेने त्यांना पाठबळ दिले. महाराष्ट्रातील एच. आय. व्ही. बाधितांच्या संघटनेची हरकतही या प्रकरणात होती. कायद्याने मागितले होते ‘कोणतीही व्यक्ती’. त्या गेल्या.

लाडू आणि वडी

हरकत कशाला होती? बेडाक्विलिनच्या मूळ पदार्थाचे पेटंट कंपनीकडे होतेच. ते १८ जुलै २०२३ रोजी संपणार होते. कंपनीने आणखी एक अर्ज केला होता: त्याच पदार्थाचा फ्युमरिक आम्लाशी केलेला क्षार, त्याच्या गोळीसाठी. हे दुसरे पेटंट मिळाले असते तर एकस्व डिसेंबर २०२७ पर्यंत लांबले असते.

आपल्या फराळाच्या भाषेत सांगते. बेसन भाजून लाडू वळण्याची कृती तुम्ही शोधून काढली. वीस वर्षे दुसऱ्या कोणी बेसनाचा लाडू करावयाचा नाही, मान्य. विसावे वर्ष सरत आले तेव्हा तुम्ही तेच भाजलेले बेसन ताटात थापून वड्या पाडल्या आणि म्हणालात, ही निराळी वस्तू, आणखी काही वर्षे द्या. आपला कायदा विचारतो: वडीने पोट अधिक भरते काय? औषधाच्या बाबतीत ‘पोट भरणे’ म्हणजे रोगावरचा गुण. तो लक्षणीय वाढत असेल तर पेटंट घ्या. नसेल तर नाही.

साडेचार वर्षांनी काय एवढे बिघडते, असे कोणी म्हणेल. आकडे पाहा. आरंभी कंपनीने सहा महिन्यांच्या उपचाराच्या तीन किमती ठेवल्या होत्या: गरीब देशांना ९०० डॉलर, मधल्या देशांना ३,०००, श्रीमंतांना ३०,०००. २०१८ साली ही किंमत गरीब आणि मधल्या देशांच्या सरकारांसाठी ४०० वर आली, २०२० मध्ये ३४० वर. आपल्याकडे क्षयाची औषधे सरकार फुकट देते, तेव्हा रोग्याला याची झळ नाही, असे वाटण्याचा संभव आहे. पण महाग वस्तू फुकट वाटावयाची म्हटली की ती मोजूनमापून वाटली जाते. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात. देणगीदाखल मिळालेले उपचार दहा हजार. २०१६ साली औषध देण्यास आरंभ झाला तो पाच शहरांतल्या सहा केंद्रांत.

पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीत हे औषध नाकारले गेले, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये औषध देण्याचे ठरले. फार उशीर झाला होता. २०१८ साली ती गेली. बाजारात औषध ‘उपलब्ध’ असणे आणि दुखणाइताच्या हाती पडणे, यांत एवढे अंतर असते.

२३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपले आणि भारतीय कारखाने औषध बनवण्यास मोकळे झाले. ऑगस्ट अखेरीस जागतिक खरेदी संस्थेने नव्या किमती जाहीर केल्या तेव्हा खुद्द मूळ कंपनीची किंमत १३० डॉलर होती. सप्टेंबरात कंपनीने जाहीर केले की १३४ गरीब व मध्यम देशांत ती या औषधावरचे आपले पेटंट बजावणार नाही.

अश्रूंना कायद्यात किंमत नाही, मग?

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. अर्ज फेटाळला गेला तो या दोघींची दया येऊन नव्हे. निकाल लागला तो रसायनाच्या आणि कायद्याच्या मुद्द्यांवर. मग दुखणाइताच्या अनुभवाने केले काय? एखादा निष्णात वकील एवढे करू शकला नसता काय?

मला यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली अशी की प्रतिस्पर्धी कारखानदारही हरकत घेतो, पण त्याला विकावयाचे असते. मालक कंपनीने त्याला परवाना देऊ केला की तो हरकत गुंडाळून घरी जाऊ शकतो. आजाऱ्याजवळ विकण्यासारखे काही नाही. त्याच्याशी तडजोड कशाची करणार?

दुसरी गोष्ट ‘स्वस्त’ या शब्दाची. सरकारी हिशेबात कॅनामायसिन स्वस्त होते आणि बेडाक्विलिन महाग. या दोघींनी जगभरच्या व्यासपीठांवर उभे राहून पहिल्या औषधाची खरी किंमत सांगितली. त्यात कान धरा. कानात बसवावयाच्या यंत्राचे लाखो रुपये धरा. सुटलेले शिक्षण, गेलेली नोकरी, दूरध्वनीवर न बोलता येणे धरा. मग बेरीज पुन्हा करा. हे आकडे कोणत्याही औषध खात्याच्या फायलीत नव्हते. ते या दोघींच्या आणि माझ्या त्या विद्यार्थिनीसारख्या हजारोंच्या आयुष्यात होते. ऑगस्ट २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेडाक्विलिनला पहिल्या पंक्तीत बसवले आणि कॅनामायसिन यापुढे देऊ नये असे सांगितले. त्यामागे शास्त्रीय चाचण्यांचा आधार होता. परंतु बहिरेपण हा ‘दुष्परिणाम’ या सौम्य शब्दाखाली झाकून ठेवण्यासारखा नाही, हे वर्षानुवर्षे ओरडून कोणी सांगितले? ज्यांना स्वतःचे ओरडणे ऐकू येत नव्हते त्यांनी.

तिसरी गोष्ट घाईची. वकिलाला तारीख मिळते; आजाऱ्याला तारीख माहीत नसते. चार वर्षे म्हणजे किती, हे ज्याने एक एक रात्र मोजली आहे त्याने सांगितल्यावर निराळे ऐकू येते.

आधी गेलेले

ही वाट काही या दोघींनी पहिल्याने पाडली नाही. १९९८ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध सुमारे चाळीस औषध कंपन्या आणि त्यांची संघटना न्यायालयात गेल्या. स्वस्त औषधे आणण्याची सोय करणारा कायदा त्यांना नको होता. एड्सच्या रोग्यांची ‘ट्रीटमेंट ॲक्शन कँपेन’ ही संघटना मार्च २००१ मध्ये त्या खटल्यात उतरली. तिच्या शपथपत्रांनी कोरड्या पेटंटच्या वादात मरणाऱ्या माणसांच्या हकिकती आणून ठेवल्या. एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने एड्सची तिहेरी औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली होती. तोवर श्रीमंत देशांत तीच दहा हजारांच्या वर होती. त्या संघटनेचे झॅकी अखमत स्वतः रोगी होते. सर्वसामान्यांना सरकारी दवाखान्यात औषध मिळेपर्यंत आपण घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले, आणि ते २००३ पर्यंत पाळले.

आपल्याकडे रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेकचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. नोव्हार्टिसच्या औषधाला महिना सव्वा लाखाच्या आसपास पडे. भारतीय कंपन्यांचे दहा हजारांच्या आत मिळे. कंपनीचे म्हणणे असे की आम्ही बहुतेक रोग्यांना ते फुकट देतो. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन तरीही हरकत घेऊन उभी राहिली. दानाच्या यादीत नाव नसलेला रोगी तिच्या दारात येत होता. २००६ साली चेन्नई कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले.

उलटतपासणी

दुसरी बाजू मांडल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नवे औषध शोधावयास वर्षे आणि अफाट पैसा लागतो. दहा प्रयोग वाया जातात तेव्हा एखादा फळतो. तो पैसा कोठून तरी निघाला पाहिजे. बेडाक्विलिनच शोधले गेले नसते तर या दोघींनी हरकत कशाला घेतली असती? हे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच मूळ पेटंटची वीस वर्षे कोणी हिरावून घेतली नव्हती; वाद होता तो वडीचा.

आणखी असे की दुखणाइताची साक्षही भाड्याने मिळू शकते. पाश्चात्त्य देशांत रोग्यांच्या कित्येक संस्थांना औषध कंपन्याच पैसे पुरवतात, आणि मग महाग औषध मंजूर करा म्हणून रोग्यांनाच पुढे उभे केले जाते. इकडे आपल्या देशात भलत्यासलत्या माणसाच्या नावाने हरकती घालून अर्ज रखडवले जातात, अशी कंपन्यांची तक्रार. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले: हरकतीस आता शुल्क आहे, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे अधिकारी आधी ठरवतो. खोट्या साक्षीला चाळणी हवी, यात शंका नाही. पण चाळणीची भोके केवढी ठेवायची, यावर ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांचा अर्थ अवलंबून राहील. विशेषण पुस्तकातून काढले आणि शुल्काच्या रूपाने दारात पुन्हा उभे केले, असे होऊ नये.

आपल्या घरात

शेवटी आपल्याकडे वळू. साक्ष द्यावयाची म्हणजे आधी नाव सांगावयाचे. ‘मला क्षय झाला होता’ हे वाक्य नंदिता वेंकटेशन चारचौघांत उच्चारते. आपल्या किती घरांत ते उच्चारले जाईल? मधुमेह आपण कौतुकाने सांगतो. लग्नाच्या पंगतीत साखरेचे आकडे एकमेकांना ऐकवतो. क्षय, कर्करोग, फेफरे, मनाचे आजार यांचे कागद कपाटात सर्वांत खाली. त्यात मुलगी असेल तर विचारूच नका. “तिचं लग्न व्हायचं आहे,” या एका वाक्याखाली किती अनुभव गाडले गेले असतील! त्या मौनाचा फायदा आपल्या मुलीला होत नाही. ती काय सोसते, त्यासाठी काय मोजते, हे जगाला कळत नाही, आणि तिच्यामागून येणारी मुलगी तेच पुन्हा मोजते.

प्रत्येकाने पेटंट कार्यालयात जावे असे माझे म्हणणे नाही. पण औषधांची बिले टाकून देऊ नयेत. वर्षाची बेरीज करून पाहावी. परवडत नाही म्हणून गोळी सोडली असेल तर ते डॉक्टरांना संकोच न बाळगता सांगावे. त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर पुष्कळदा स्वस्त पर्याय निघतो. त्याच द्रव्याची गोळी जनऔषधी दुकानात काय भावाने मिळते हे विचारावे. सरकार एखाद्या नियमाचा मसुदा काढून हरकती व सूचना मागवते तेव्हा तो कागद व्यापाऱ्यांसाठीच आहे असे समजू नये. चार ओळी आपल्याही धाडाव्यात. काय झाले, कधी झाले, किती पैसे पडले. विशेषणे नसली तरी चालतील.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा मी त्या विद्यार्थिनीला विचारले, तुझी हकिकत घालू का? तिला आता दोन मुले आहेत. दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर लिहून पाठवले: “मॅडम, शिट्टीचं जरूर लिहा. नाव मात्र नको. सासरी अजून सांगितलेलं नाही.”

शिट्टीचे लिहिले आहे. नावासाठी थांबावयाची माझी तयारी आहे.